आडनाव असताना गावाकडे टोपणनाव कशाला लागतं? आणि आडनाव जगात सगळीकडे असतं का?

दुसरा प्रश्न आधी उरकतो. सगळीकडे नसतं. आइसलँडमध्ये योनचा मुलगा योनसन आणि मुलगी योनस्दोत्तिर, म्हणजे सख्ख्या बहीणभावाचं शेवटचं नाव वेगळं. तिथली टेलिफोन डिरेक्टरीही पहिल्या नावाने लावलेली असायची. म्यानमारमध्ये आडनावाची पद्धतच नाही. तुर्कस्तानात १९३४ साली कायदा करून लोकांना आडनावं घ्यायला लावली. केमाल पाशांचे 'अतातुर्क' झाले ते तेव्हाच.

आता आपल्याकडचं. मी सांगली जिल्ह्यातला, वाळवा तालुक्यातला, आडनाव पाटील. पाटील हे मुळात गावकीचं पद. पदामागे कुळाचं आडनाव झाकलं गेलं. आमच्याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे पिसाळ. आता पारावर उभं राहून 'ओ पाटील' म्हणा, सात-आठ माना वळतील.

आमच्या वडिलांचं आणि आजोबांचं, दोन्ही नावं जुळणारे दुसरे पाटील गावात आहेत. एकदा त्यांच्या थकबाकीची नोटीस आमच्या दारात आली. आयुष्यात कुणाचा रुपया न बुडवलेला माणूस. दादा, म्हणजे आमचे वडील, त्या रात्री जेवले नाहीत. नोटिशीवर टोपणनाव असतं तर शेंबड्या पोरानेही ती बरोबर घरी पोचवली असती.

आम्ही 'इंजिनवाले'. आजोबांनी विहिरीवर गावातलं पहिलं डिझेल इंजिन बसवलं. पहाटे ते सुरू झालं की ओढ्यापलीकडं टुकटुक ऐकू जायची, त्यावर बायका उठायच्या म्हणे. ते दुसरे पाटील 'जिलबीवाले'. त्या जिलबीचा किस्सा इथे लिहिला तर मला गावात पाय ठेवता येणार नाही.

'कर' लावून गावावरून आडनाव होतं, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्या जिल्ह्यात उलटंही घडलंय: कोकणातल्या किर्लोस गावावरून किर्लोस्कर, आणि त्यांनी १९१० साली कारखाना काढला तिथे किर्लोस्करवाडी.

इंजिन कधीच भंगारात गेलं, आता विजेची मोटार आहे. माझी मुलगी पुण्यात वाढलेली. यात्रेला आली तेव्हा एका म्हातारीनं विचारलं, "कुणाची गं तू?"

"पाटलांची."

म्हातारी नुसती बघत राहिली. मग मुलगी जरा लाजत म्हणाली, "इंजिनवाल्यांची."

"आगं, मग तसं सांग की!"