एअर रायफलमध्ये छर्रा किती आत बसवला की नेम सुधारतो?

तुम्ही लिहिलंय की परदेशी व्हिडिओंमध्ये काडतुसात शिशाची ओतीव गोळी किती खोल बसवायची यावर तासन्‌तास खल चालतो. मग आपल्या नळी मोडून भरायच्या एअर रायफलमध्येही छर्रा अंगठ्याने जास्त आत दाबला तर फायदा होईल का? मी लातूरला पत्र्याच्या शेडखालच्या रेंजवर पोरांना एअर रायफल शिकवतो. हा प्रश्न तिथे दर उन्हाळी सुट्टीत कुणीतरी विचारतंच. फरक पडतो. पण किती आत बसवला यापेक्षा दर वेळी तितकाच बसला का, हे जास्त महत्त्वाचं.

आधी त्या ओतीव गोळीचं बघू. शिसं मऊ. काडतुसातून सुटलेली गोळी रायफलिंगपर्यंत, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांपर्यंत, मोकळी उडी मारत गेली, तर पिळात शिरताना किंचित तिरकी होते आणि पुढे तशीच जाते. म्हणून ती मंडळी गोळी थोडी बाहेर ठेवतात, म्हणजे तिचा पुढचा भाग पिळांना आधीच टेकलेला असतो. पण ती पिळात जास्त रुतली की दाब वाढतो, त्यामुळे तो हिशेब जपून करावा लागतो. शिवाय आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा ते बघण्यापुरतंच ठेवा.

छर्‍याचं गणित वेगळं. त्याचं डोकं पिळांवर टेकून सरकतं आणि मागचा पातळ घेर, म्हणजे स्कर्ट, हवा अडवतो. स्कर्ट नळीच्या तोंडाबाहेर डोकावत राहिला तर रायफल बंद करताना तो चेपतो, वर सीलही खराब होतं. दोनएक मिलिमीटर आत ढकलला तर सुटतानाचा अडथळा बदलतो. स्प्रिंगच्या रायफलीत हवेचा सगळा जोर एका क्षणात येतो, त्यामुळे त्या अडथळ्यावर वेग हलतो. एक छर्रा काठाला, दुसरा खोल, तिसरा तिरका बसवला की कागदावर उभी रांग पडते.

किती उभी? सोपा हिशेब आहे. सेकंदाला १७० मीटर वेगाने निघालेला छर्रा १० मीटरवर साधारण १७ मिलिमीटर खाली येतो. वेग १६० झाला तर १९ च्या पुढे. म्हणजे दोन मिलिमीटरहून जास्त फरक. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दोन रिंगमधलं अंतर अडीच मिलिमीटर आणि दशांश गुणांत ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर. नेम अगदी बरोबर धरूनही ०.८ गुण गेले!

आता करून बघायचं तर असं करा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा (स्प्रिंगची रायफल घट्ट आवळू नका, ती उसळते). एकाच डबीतले पाच छर्रे काठाशी सपाट बसवून मारा, मग पाच लाकडी काडीने दोन मिलिमीटर आत ढकलून, मग पुन्हा काठाचे. काडीवर पेनाने खूण करा, म्हणजे खोली एकच राहते. खिळा किंवा स्क्रू-ड्रायव्हर नळीत घालू नका, पीळ ओरखडतात. मोडलेली नळी दुसऱ्या हाताने धरून ठेवा, अंगठा आत असताना बोट ट्रिगरवर अजिबात नको. आणि हे सगळं सकाळी उरका. मे महिन्यात दुपारी पत्रा तापला की स्प्रिंगवरचं ग्रीस पातळ होतं आणि सकाळचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, दुपारी जुळत नाही.

बहुतेक रायफलींना काठाशी सपाट बसवलेलाच छर्रा मानवतो, असं माझं मत. पुढे स्पर्धेची हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल घेतलीत तर हा प्रश्नच उरत नाही, तिथे बोल्ट दर वेळी छर्रा तेवढाच ढकलतो.

खरा पैसा आणि वेळ घालवायचा तर छर्‍यांवर घाला. चांगल्या डबीवर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१ असा. तुमच्या नळीला कुठला आवडतो हे मारूनच कळतं. शक्य असेल तर वेगवेगळ्या मापांच्या डब्या एकेक करून मागवा. स्वस्त डबीतले छर्रे काचेवर घरंगळवा. स्कर्ट चेपलेला लगेच अडखळतो, तो बाजूला काढा. खाली पडून धूळ लागलेलाही परत भरू नका. आणि चांगला ग्रुप देणारी डबी सापडली की झाकणावरचा लॉट नंबर बघून त्याच लॉटच्या आणखी डब्या लगेच घेऊन ठेवा, तोच ब्रँड असला तरी पुढचा लॉट तसाच निघेल असं नाही.