लेकराच्या तांबड्या केसांना काळा रंग लावू नका (स्वतःच्या अनुभवावरून)

ताई, तुमची पोस्ट वाचली अन् राहवलं नाही. मुलगी तिसरीत, केस जन्मापासून तांबडे, अन् शाळेनं डायरीत लिहून दिलं की 'रंगवलेले केस काळे करूनच पाठवा'. माझ्यासोबत हेच झालंय. मी धाराशिवकडची, घरात सगळ्यांचे केस काळेभोर अन् माझे मक्याच्या कणसाच्या केसांसारखे. भुरी म्हणून चिडवणं, बायांनी थांबवून केसाला हात लावून बघणं, हे तुम्ही भोगताच आहात, त्यावर लिहीत नाही.

मला जड गेलं ते कागदाचं. शाळा म्हणायची दवाखान्याचं सर्टिफिकेट आणा. सरकारी दवाखान्यात खिडकीवरचा माणूस म्हणायचा असा फॉर्मच नसतो, आधी शाळेचं पत्र आणा, अन् शाळा म्हणायची आम्ही कशाला पत्र देऊ. वडील रोजगार बुडवून मला घेऊन फिरायचे, डॉक्टरपर्यंत कुणी पोचूच दिलं नाही. शेवटी शाळेनं वर्गात बसू देणं बंद केलं, मग घरच्यांनी नाइलाजानं बाजारातून काळ्या मेहंदीची पुडी आणून लावली. रात्री कानामागं आग व्हायला लागली, सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात, कपाळाच्या कडेनं पाणी सुटलेलं. त्यात चाचणी परीक्षा गेली. अन् एवढं होऊनही शाळेतून विचारलं काय, तर 'आता काळे राहतील ना?' आजही आठवलं की संताप होतो.

नंतर त्वचारोगाच्या डॉक्टरांनी सांगितलं, खऱ्या मेहंदीचा रंग तांबूसच येतो, काळी म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं केमिकल असतं. त्याची ॲलर्जी एकदा बसली की सहसा जन्मभर राहते. मला आता कुठलाच डाय चालत नाही, जत्रेतला काळा टॅटूसुद्धा नाही. भूल द्यायच्या काही औषधांनाही त्याच ॲलर्जीचा त्रास होऊ शकतो, म्हणून दाताच्या डॉक्टरला मी आधीच सांगून ठेवते. त्याच त्वचारोगाच्या डॉक्टरांनी लेटरपॅडवर दोन ओळी लिहून दिल्या, 'केसांचा रंग नैसर्गिक व जन्मजात आहे', अन् सगळं मिटलं.

तर माझं स्पष्ट मत, खिडक्यांच्या नादी लागूच नका. सरळ स्किनच्या डॉक्टरांकडं जा, जावळाचा फोटो असेल तर न्या. कुणी बाँडवर शपथपत्र करा म्हणेल, माझ्या मते पैसे वाया. शाळेत अर्ज द्याल तो पोच घेऊनच द्या. अन् मुख्याध्यापकांना केसाची मुळं दाखवा. रंगवलेले असते तर नवीन वाढ काळी दिसली असती, भुवया-पापण्या पण बघा म्हणावं.

तुम्ही लिहिलंय की अंगणवाडीत कुपोषित म्हणाले होते. कुपोषणात केस तांबूस होतात हे खरंय, पण ते विरळ, ओढले की सहज हातात येणारे असतात, अन् वजन-उंचीही मागं पडते. मुलीचं वजन बरोबर असेल तर घाबरू नका, पण एकदा मोजून घ्याच.

मी डॉक्टर नाही, तरी एक सांगते. तांबडे केस बऱ्याचदा एमसी१आर नावाच्या जीनमधल्या बदलामुळं होतात, तो बदल सहसा आईबाप दोघांकडून यावा लागतो, दोघांचे केस काळे असले तरी. त्यामुळं सासरचे तुम्हालाच बोलत असतील तर ऐकून घेऊ नका. पण काही जणांत हा सौम्य प्रकारचा अल्बिनिझमही (जन्मतःच अंगात रंगद्रव्य कमी असणं) असतो, त्यात नजर कमी असते, कधी बुबुळं हलतात. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. अशा मुलांची कातडी उन्हानं लवकर भाजते, आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये पूर्ण बाह्या अन् सुती स्कार्फ ठेवा.

अर्ज कसा लिहायचा ते अडलं तर सांगा, मी लिहून देते. तोवर शाळा काहीही म्हणो, पुडी घरात आणू नका.