छोट्या ट्रॅक्टरची मागची चाकं जागेवर फिरतात : वजन लावायचं का, आणि किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : इंदूरजवळच्या महूच्या पुढे चढ-उताराची ५ बिघे जमीन, त्यात पेरूची बाग, टू-व्हील ड्राइव्हचा १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर. शेणखताची ट्रॉली चढावर नेताना आणि कल्टिव्हेटर खाली सोडला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात. मिस्त्री म्हणतो दोन्ही चाकांना १००-१०० किलो बांधा, शेजारी म्हणतात टायरात पाणी भरा.

तूर्तास दोघांचंही ऐकू नका. आधी चाक किती घसरतंय ते मोजा. मागच्या टायरवर खडूची रेघ मारा. रिकामा ट्रॅक्टर त्याच जमिनीवर चालवून चाकाचे १० फेरे मोजा आणि किती अंतर गेलं ते टेपने मापा. मग कल्टिव्हेटर लावून तेच १० फेरे. समजा रिकामा २७ मीटर गेला आणि कामात २० मीटरच गेला, तर ७ मीटर हवेत गेले, म्हणजे साधारण २६ टक्के घसरण. हे फार झालं. डिझेल जळतं, टायर झिजतो, काम सरकत नाही. टू-व्हील ड्राइव्हला मातीत १० ते १५ टक्के घसरण चांगली. शून्यावर आणायच्या नादी लागू नका, कारण चाक घसरणं हा गिअरबॉक्सचा फ्यूज आहे. नांगर दगडात अडकला की हलका ट्रॅक्टर चाक फिरवून सुटतो. तोच ट्रॅक्टर वजनाने जमिनीला चिकटवून ठेवला, की सगळा ताण फायनल ड्राइव्हच्या (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरच्या) दात्यांवर आणि क्लचवर जातो. चाकाला लावलेल्या वजनाचा भार एक्सलच्या बेअरिंगवर येत नाही, हे मिस्त्रीचं म्हणणं खरं आहे. पण ओढण्याचा ताण येतो, ते तो सांगत नाही.

आता वजनाआधीच्या फुकटातल्या गोष्टी. हवा बघा. रस्त्यावर ट्रॉली ओढायला भरलेली कडक हवा शेतात तशीच असेल, तर टायर जेमतेम पट्टीभर टेकतो. मॅन्युअलमध्ये शेतकामासाठी दिलेल्या किमान दाबावर या, त्याखाली मात्र नको. टायर उलटे तर बसवले नाहीत ना, तेही बघा. पुढे जाताना ‘व्ही’चं टोक आधी जमिनीला टेकलं पाहिजे. पंक्चर काढून आणल्यावर डावं-उजवं अदलाबदल झालेले टायर दिसणं नवीन नाही. एकच चाक फिरत असेल तर डिफरेन्शियल लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा) दाबा, पण सरळ जातानाच. वळताना लॉक ठेवला तर नुकसान तुमचंच.

आणि माती. महू-सिमरोलकडे विंध्याच्या कडेला काही तुकडे मुरमाड असतात, पण माळव्याची खरी काळी माती पाऊस पडला की फुगते आणि चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की तो गुळगुळीत रबराचा गोळा होतो. अशा वेळी वजन वाढवलं तर चाक पकड धरत नाही, फक्त आणखी खोल रुततं. तिथे इलाज एकच, वापसा येईपर्यंत, म्हणजे जमीन कामापुरती सुकेपर्यंत थांबणं. वापशाच्या जमिनीत मोजलेली घसरण हीच खरी.

रोटाव्हेटरसाठी वजन लावू नका. त्याची पाती फिरताना ट्रॅक्टरला स्वतःच पुढे ढकलतात, ओढ लागतच नाही. वजन हवं ते नांगर, कल्टिव्हेटर आणि चढावरच्या ट्रॉलीसाठी. बाकी वेळ ते मातीला दाबत बसतं, आणि तुमच्या पेरूची मुळं त्याच मातीत आहेत.

एवढं करूनही घसरण २० टक्क्यांवर असेल, तर पाणी. पाणी स्वस्त, आणि वजन खाली राहतं म्हणून उतारावर बरं. परदेशात लोक टायरात कॅल्शियम क्लोराइड भरतात, ते पाणी गोठू नये म्हणून. ते बघून इथे कोणी मिठाचं पाणी भरू नका, रिम गंजेल. माळव्यात थंडीत दव गोठतं, हरभरा-बटाटा करपतो, पण टायरातलं पाणी गोठून बसत नाही. साधं पाणी पुरे.

भरायची रीत : चाक जॅकवर उचला, खाली लाकडाचा ठोकळा द्या. व्हॉल्व्ह बरोबर वर, घड्याळाच्या बाराच्या जागी आणा. आतली पिन काढा, हवा पूर्ण सोडा, आणि विहिरीच्या मोटारीची बारीक नळी लावा. मधूनमधून नळी काढून हवा बाहेर येऊ द्यायची, नाहीतर पाणी आत जात नाही, उलट तोंडावर उडतं. व्हॉल्व्हमधून पाणी परत यायला लागलं की थांबा, टायर साधारण पाऊण भरलेला असतो. मग पिन लावून वर हवा भरा. आत हवेची जागा आता थोडी उरलीय, त्यामुळे दाब भसकन चढतो, एका दमात मारू नका. गेज वापरल्यावर कोरडा करून ठेवा, पाण्याने गंजतो. वजन किती वाढलं याचा हिशेब सोपा : एक लिटरला एक किलो.

पाण्यानेही भागलं नाही, तरच लोखंड. कंपनीची बिडाची वजनं तुमच्या रिमच्या भोकांना बसतात, म्हणून तीच सोयीची. स्वस्तात हवं तर इंदूरच्या लोहामंडीत, म्हणजे लोखंड बाजारात, भंगारातल्या जिमच्या बिडाच्या प्लेटा शोधा, मधल्या भोकातून जाड बोल्ट आणि मोठा वायसर टाकून रिमला कसता येतात. काही जण टपात सिमेंट ओतून घरीच वजनं करतात. होतं, पण जागा बघा : ४० किलो बीड साडेपाच-सहा लिटरच्या जागेत मावतं, तेवढ्याच वजनाचं काँक्रीट सोळा-सतरा लिटरची जागा खातं आणि मडगार्डला घासतं. बोल्ट ओल्या काँक्रीटमध्येच उभे करून ठेवा, नंतर ड्रिल मारलं की तडा जातो. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो : टायर चढलेला असताना रिमवर वेल्डिंग करू देऊ नका. टायर फुटून माणसं गेली आहेत. कोणी ‘भिया, दो मिनट का काम है’ म्हणाला तर दुसरा वेल्डर गाठा.

किती लावायचं, याला धर्मकाटा (गाड्या तोलायचा मोठा वजनकाटा) कामाला येतो. आधी पूर्ण ट्रॅक्टर, मग फक्त मागची चाकं काट्यावर. मागे जड झालं की पुढचं त्या मानाने हलकं पडतं. एकूण वजनाचा पाव हिस्सा तरी पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर चढावर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. राहत नसेल तर बंपरला पुढची वजनं लावा. तुमच्या मॉडेलला कंपनीने परीक्षणात किती वजन लावलं होतं, हे बुदनीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या चाचणी अहवालात सापडतं, तिथे ट्रॅक्टर वजन लावून आणि न लावता ओढूनही बघतात. तो आकडा ही तुमची वरची हद्द समजा. मिस्त्रीचे १००-१०० किलो त्यात बसले तर बसले. पण आधी निम्मं लावा, खडूने पुन्हा मोजा. २७ च्या जागी २४ मीटर आले, म्हणजे घसरण ११ टक्के, की थांबा.

ट्रॉलीबद्दल स्वतंत्र. दोन चाकांच्या ट्रॉलीत खत जरा पुढच्या बाजूला भरा, थोडा भार हुकावर येऊन मागची चाकं आपोआप दबतात. दोर किंवा साखळी मात्र कधीही टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधू नका, ओढ वरून लागली की ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो. ओढ खालच्या ड्रॉबारवरच, म्हणजे ट्रॉली जोडायच्या पट्टीवरच. उतरताना खालचा गिअर, क्लच दाबायचा नाही. वजन वाढवलेला ट्रॅक्टर थांबायलाही जास्त जागा घेतो, तेव्हा दोन्ही ब्रेक पेडल जोडलेली आहेत ना, ते वर निघण्याआधीच बघा.

कोणाकडे परदेशी बनावटीचा लॉन ट्रॅक्टर असेल, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) गिअरवाला, तर हे सगळं त्याला लागू करू नका. त्यातल्या हलक्या ट्रान्सअ‍ॅक्सल (गिअर आणि एक्सल एकत्र असलेला भाग) गवत कापायला असतात. उतारावर गवत कापताना थोडं वजन चालेल, पण वजन लावून नांगर ओढला तर तेल तापून पंप जातो.

लोखंड लावलंत तर पहिल्या दिवसाच्या कामानंतर सगळे नट पुन्हा आवळा, रंग दबून ते ढिले होतात. आणि पाणी भरलंत तर पंक्चरवाल्याला चाक खोलायच्या आधी सांगा.