घरची परिस्थिती बेताची आहे, एमटेक करावं का? गेटच्या स्टायपेंडवर भागतं का?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलमधून बीई झालंय, त्याचंच कर्ज अजून अंगावर आहे, आणि घरचे म्हणतात 'आता नोकरी बघ'. मी 2019 मध्ये जवळपास अशाच अवस्थेत एमटेकला प्रवेश घेतला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गोष्ट. 'आधी प्रवेश घेऊ, शिष्यवृत्तीचं मग बघू' असं अजिबात करू नका. एमटेकला पैसे मिळणार की नाही, हे तुमची सीट कोणती यावर ठरतं. गेटचा (एमटेक प्रवेशासाठीच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा) चालू स्कोअर आणि एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता असलेल्या कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश, एवढं जमलं की महिन्याला 12,400 रुपये मिळतात, जास्तीत जास्त 24 महिने. यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बदल्यात आठवड्याला 8 ते 10 तास लॅब, ट्युटोरियल, तपासणी अशी कामं करायची. पण त्याच वर्गात स्पॉन्सर्ड (कंपनीने पाठवलेल्या) किंवा सेल्फ फायनान्स (स्वतःच्या खर्चाच्या) सीटवर बसलेल्या मुलाला हा स्टायपेंड नाही. प्रवेशफेऱ्या संपत आल्या की घाईत अशी सीट घेण्याचा मोह होतो. कृपा करून घेऊ नका. गेटचा स्कोअर 3 वर्षं चालतो. एक वर्ष नोकरी करून त्याच स्कोअरवर पुन्हा प्रयत्न करा, किंवा स्कोअर कमी असेल तर पुन्हा परीक्षा दिलेली परवडते.

आता खरी अडचण सांगतो. स्टायपेंड पहिल्या महिन्यापासून हातात पडत नाही. कॉलेजने एआयसीटीईच्या पोर्टलवर तुमचं नाव चढवायचं, कागदपत्रं पडताळायची, मग दर महिन्याची हजेरी मंजूर करायची आणि त्यानंतर पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येणार. माझं आधार शाळेत असताना काढलेल्या एका जुन्या खात्याला जोडलेलं होतं आणि त्या खात्याला व्यवहाराची मर्यादा होती. चार महिने एक पैसा आला नाही. मेसचं बिल थकलं. रोज ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभा राहायचो, 'वरून आलं नाही' एवढंच उत्तर मिळायचं. शेवटी बँकेतल्या एका बाईंनी पासबुक हातात घेतलं आणि अर्ध्या मिनिटात चूक दाखवली. थकलेली रक्कम नंतर एकदम आली, पण ते चार महिने मित्राच्या उधारीवर काढले. म्हणून प्रवेशाआधीच साधं बचत खातं उघडा, आधार त्यालाच जोडून घ्या आणि चार-पाच महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

भागतं का? सरकारी संस्थेत, वसतिगृहात राहून एकट्याचं भागतं. घरी पाठवायला मात्र उरत नाही. खाजगी कॉलेजची फी यातून निघणार नाही, ते गणित आधीच मांडा.

आयआयटी मुंबईत रिसर्च असिस्टंट (विभागाच्या लॅब-संशोधनात मदतनीस) म्हणून 3 वर्षांचा एमटेकही करता येतो. वर्ष एक जास्त जातं, पण हाताने काम करायची आवड असेल तर जरूर विचार करा.

बीईच्या कर्जाचे हप्ते पुढच्या शिक्षणासाठी पुढे ढकलता येतील का, हे बँकेत लेखी अर्ज देऊन विचारा. नुसतं तोंडी विचारून परत येऊ नका. गेटचा फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात निघतो आणि परीक्षा फेब्रुवारीत असते. बँकेचं काम त्याआधी उरकून घ्या.