आधी टोन, मग हिरवा

भो, तुझे फोटो बघितले, मेसेज पण वाचला. 'सर, जुन्या चित्राची कॉपी म्हणजे चोरीच ना, मग कशाला करू, आणि हिरवा जमतच नाहीये, अजून कोणता ट्यूब घेऊ?' असं विचारतोस. कोणताच घेऊ नको. आहे तो सॅप ग्रीन पण कपाटात टाक.

कॉपीला इंग्लिश लँडस्केपवाल्या कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' निवडलंस हे बरं केलंस, पण तू ते मोबाईलवर बोटाने मोठं करून एकेक पान रंगवत बसलायस. डोळे बारीक कर रे. खरंच, पापण्या अर्ध्या मिटून बघ. डावीकडचं घर आणि त्याच्यामागची झाडं मिळून एकच गडद तुकडा, उजवीकडे उन्हातलं कुरण फिकट, वर ढगांतला उजेड, खाली पाणी. एवढंच आहे. बर्न्ट अंबर, तो तपकिरी, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून हेच लाव, चिंधीने पूस, परत लाव. आधी टोन, म्हणजे कुठे किती गडद आणि किती फिकट ते. 1821 ला त्याने हे चित्र दाखवलं, पण त्याआधी तेवढ्याच मापाचं, म्हणजे सहा फूट रुंद, कच्चं स्केच तेलरंगातच केलं होतं, ते लंडनच्या व्ही अँड ए म्युझियममध्ये आहे, नेटवर बघ, तपकिरीच तपकिरी दिसेल. त्याला गरज वाटली आणि तुला वाटत नाही?

हिरव्याचं म्हणशील तर तू ज्या विरिडियन हिरव्यासाठी पैसे साठवतोयस तो त्याच्याकडे नव्हताच, त्याचं पेटंट 1859 चं, हा गेला 1837 ला. प्रशियन ब्लू आणि पिवळा घे, जरासा अंबर टाक, बघ काय होतं ते. तुझा हिरवा सगळा रावेर-यावलच्या केळीबागेतला आलाय, चूक तुझी नाही, लहानपणापासून डोळ्यात तोच बसलाय, पण चित्रातल्या, इंग्लंडमधल्या सफोकच्या झाडांना तो कसा चालेल? तरी सांगतो, टोन बरोबर असेल तर थोडा चुकलेला हिरवा पण खपून जातो. टोन चुकला की काहीच खपत नाही.

आता चोरीचं. अजिंठा आपल्यापासून किती लांब आहे? मेजर गिल, इंग्रजी फौजेतला चित्रकार, 1844 पासून तिथे बसून तेलरंगात कॉप्याच करत होता, त्यातल्या बहुतेक 1866 ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याची कबर आपल्या भुसावळला आहे, गेलायस कधी? नंतर 1872 पासून मुंबईच्या जे. जे. आर्ट स्कूलचा मास्तर ग्रिफिथ्स तिथल्या पोरांना घेऊन परत तेच करायला आला, त्यात पेस्तनजी बोमनजी होता, पुढे पोर्ट्रेटमध्ये केवढं नाव झालं त्याचं. आणि खुद्द कॉन्स्टेबल, 'हे वेन' करून झाल्यावर, 1823 ला, सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, एका मित्राच्या घरी राहून क्लोद लोरँ या जुन्या लँडस्केपवाल्याची चित्रं कॉपी करत होता. तुझी स्टाईल अजून जन्माला यायचीय, ती चोरीला कशी जाईल?

मला माहितीये माझ्यामागे काय बोलतात, सर आयुष्यभर कॉप्याच करत राहिले, मुंबईला गेले नाहीत. नाही गेलो. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला, शाळेत लागलो, घर माझ्यावर होतं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना पोरं बसवत राहिलो. ओरिजिनल 'हे वेन'समोर उभं राहायचं राहून गेलं ते मात्र खुपतं, छापील कागदावरून किती कळणार. पण जे गेले आणि ज्यांची एक्झिबिशनं झाली त्यांच्या लँडस्केपचे ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढून बघ एकदा, झाड, जमीन, आभाळ सगळं एकाच राखाडीत. माझ्या कुठल्याही चित्राचा काढ. काढच. जाऊ दे, विषय तुझा चाललाय.

तर अंबरचा थर झाला की त्याचा तसाच ब्लॅक अँड व्हाईट फोटो मला पाठव, मी हो म्हणेपर्यंत दुसऱ्या रंगाची ट्यूब उघडायची नाही. वरचे थर चढवशील तेव्हा जवसाचं तेल हळूहळू वाढवत ने, खालचा पातळ आणि वरचा तेलकट, उलटं केलंस तर पुढे तडे जातात. आणि कॅनव्हास मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर वाळत घालू नकोस, जाड रंग वरून कोरडा दिसतो पण आत ओलाच असतो.