रोजचा प्रवास किती असावा?

नर्स म्हणून रुग्णालयात नव्याने रुजू होताना अंतर किलोमीटरमध्ये न मोजता, रात्रपाळी संपवून, पुढच्या सिस्टरला वॉर्डाचा चार्ज देऊन घरी पोहोचायला किती वेळ लागतो यावर मोजावे. कागलहून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात रोज ये-जा करणे जमते. गडहिंग्लजहून मात्र, जागरणानंतर पुन्हा दीड-दोन तास एसटीत काढायचे असल्यास, कोल्हापुरात खोली घेणेच बरे, मग भाड्यापायी पगारातले थोडे कमी उरले तरी चालेल. रात्रपाळीनंतर दुचाकी तर नकोच, कारण डोळा कधी लागतो ते कळत नाही. शिरोलीकडून येणार असाल तर पावसाळ्याचा विचार आधीच करा: २०१९ आणि २०२१ च्या पुरात तिथे महामार्ग बंद पडला होता, आणि अशा वेळी तुम्ही पोहोचला नाहीत तर आधीच्या पाळीतल्या सिस्टरला वॉर्ड सोडता येत नाही.