वाचक विचारतात : पुलगावचा डेपो आणि फौजेची पिछाडी

प्रश्न : आमचं शेत पुलगावच्या दारूगोळा डेपोपासून जवळ आहे. लष्कराची भांडारं कमी करणार असं ऐकतो. सगळा माल एकाच ठिकाणी ठेवला तर खर्च वाचणार नाही का? (देवळी तालुका)

उत्तर : सुट्या भागांवर वाचतो, आणि त्याचं गणितही आहे. चार डेपोंनी अडीअडचणीसाठी एका भागाचे प्रत्येकी १०० नग राखीव ठेवले, तर झाले ४००. चारही एकत्र केले की तेवढ्याच भरवशाला साधारण २०० पुरतात, कारण एकीकडे मागणी वाढते तेव्हा दुसरीकडे बहुधा थंडच असते.

पण मागण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच हे खरं. गावातल्या मोटारपंपांचं बघा. एरवी एकेकाची मोटर निरनिराळ्या दिवशी जळते, वाइंडिंगवाल्याकडे दोन जादा असल्या तरी भागतं. चण्याच्या ओलितात व्होल्टेज पडलं की एकाच आठवड्यात दहा जळतात. लढाई म्हणजे तोच आठवडा. सगळ्या आघाड्या एकदम मागतात आणि रेल्वेच्या वाघिणीही नेमक्या तेव्हाच कमी पडतात. म्हणून हळू खपणारे भाग खुशाल एकत्र करावेत. पहिल्या दिवसांच्या लढाईचा साठा तुकडीजवळच हवा.

दारूगोळ्याला तर हा हिशेब लागूच नाही. गोदामात किती माल ठेवायचा हे मोकळ्या जागेवर ठरत नाही. शेजारचं गोदाम, रस्ता आणि वस्ती किती लांब आहे, यावर ठरतं. गोदामांभोवती मातीचे बांध, डिटोनेटर (स्फोट पेटवणारे भाग) वेगळ्या जागी, उन्हाळ्याआधी गवत काढून आगपट्टे. खराब झालेला माल वेळेत हलवला नाही, तर तो जागाही अडवतो आणि धोकाही वाढवतो. पुलगाव डेपोतली ३१ मे २०१६ ची आग तुमच्याकडे कोण विसरलंय?

प्रश्न : शेकटकर समितीमुळे ५७ हजार लोकांची नोकरी गेली का? भाचा ईएमईत (लष्कराच्या दुरुस्ती दलात) आहे. (कामठी तालुका)

उत्तर : नाही. लष्कराची लढण्याची ताकद वाढवून खर्चाचा मेळ कसा घालावा, हे सुचवायला ही समिती नेमली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये तिच्या ६५ शिफारशी मंजूर झाल्या, त्यांत सुमारे ५७ हजार पदांची फेरनेमणूक होती. पदं दुसऱ्या कामाकडे वळवायची होती.

खरा घोळ वेगळाच. सुटे भाग ऑर्डनन्सकडे, म्हणजे लष्कराच्या भांडार दलाकडे, आणि दुरुस्ती ईएमईकडे. भांडार सांगतं, ‘मागितलेल्यापैकी ९५ टक्के भाग दिले.’ ऐकायला झकास! पण एका गाडीला दहा वेगवेगळे भाग लागत असतील, तर दहाच्या दहा मिळण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपासच. शंभरातल्या चाळीस गाड्या एखाद्या ऑइल सीलसाठी वर्कशॉपात उभ्या. त्यामुळे कोणतीही फेररचना जोखायची तर किती भाग दिले हे न मोजता, गाडी किती दिवस बंद राहिली ते मोजावं.

प्रश्न : लष्कराच्या गोशाळा का बंद केल्या? (आर्वी)

उत्तर : पहिली १८८९ मध्ये अलाहाबादला निघाली, तेव्हा छावणीला खात्रीचं दूध बाहेरून मिळत नव्हतं. आता डेअरीचं मिळतं. ३१ मार्च २०२१ ला त्या औपचारिकपणे बंद झाल्या.